कादंबरीच्या संविधानकातील बळी : अहमदनगर परिसराशी निगडित काही ऐतिहासिक प्रसंगांच्या अनुषंगाने

१

कादंबरीच्या संविधानकाचा विचार करताना घटनांची कार्यकारणसंगती, उत्कर्षबिंदू, स्वभावरेखन आणि वातावरण ह्या अंगांची चर्चा नेहमी होते. परंतु संविधानक रचताना लेखकाला ज्या एका निर्णयाला सामोरे जावेच लागते, त्याची चर्चा त्या मानाने थोडी होते. कोणत्या पात्राचा बळी द्यावयाचा, हा तो निर्णय होय. कथा पुढे जावी म्हणून, नायकाला कृतीस प्रवृत्त करावे म्हणून, किंवा शेवट साधावा म्हणून कोणाला तरी खर्ची घालावे लागते. ही निवड केवळ रचनेच्या सोयीची आहे असे वरवर दिसते. वस्तुतः कोणाचे आयुष्य खर्च करण्याजोगे मानले जाते आणि कोणाचे जपले जाते, ह्याविषयीचा लेखकाचा आणि त्याच्या काळाचा निवाडा ह्या निवडीत व्यक्त होत असतो.

येथे ‘बळी’ आणि ‘मृत्यू’ ह्या दोन संज्ञा वेगळ्या मानल्या पाहिजेत. कादंबरीतील प्रत्येक मृत्यू हा बळी नसतो आणि प्रत्येक बळी मृत्यूनेच जातो असेही नाही. पात्र आपल्या स्वभावाच्या आणि परिस्थितीच्या ओघात मरण पावते तेव्हा तो मृत्यू असतो. दुसऱ्या कोणाच्या कथेसाठी त्याची कथा तोडली जाते तेव्हा तो बळी ठरतो. हे तोडणे तीन प्रकारांनी घडते. पहिला प्रकार प्राण घेण्याचा, दुसरा कलंक लादण्याचा आणि तिसरा विस्मरणाचा. कलंकाच्या प्रकारात एका पात्राच्या माथी सर्व दोष मारून दुसरे पात्र निर्दोष राखले जाते. विस्मरणाच्या प्रकारात पात्राकडून काम करून घेतले जाते आणि मग ते कथेच्या कडेला सोडून दिले जाते. पहिला प्रकार वाचकाच्या लक्षात येतो. उरलेले दोन बहुधा येत नाहीत आणि म्हणूनच ते अधिक तपासण्याजोगे आहेत.

ह्या तपासणीला अहमदनगर जिल्ह्याची (२०२४ सालापासून अहिल्यानगर जिल्ह्याची) भूमी फार सोयीची आहे. नगरच्या किल्ल्यात १६०० साली चांदबिबीची हत्या झाली. श्रीगोंदे तालुक्यातील पेडगावच्या बहादूरगडावर १६८९ साली संभाजी महाराज आणि कवी कलश ह्यांना कैद करून आणण्यात आले. नगरलगत भिंगारच्या परिसरात १७०७ साली औरंगजेबाचा अंत झाला. संगमनेर तालुक्यातील निमगाव जाळी हे त्रिंबकजी डेंगळे ह्यांचे गाव. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे अहिल्याबाई होळकरांचा जन्म झाला आणि तिच्या सासरच्या घराण्याची पुढची पडझड हाही कादंबरीचा विषय झाला. ह्यांतील बहुतेक प्रसंगांकडे कादंबरीकार वळले आहेत. कोण मरणार हे येथे इतिहासाने आधीच ठरविलेले आहे. मग कादंबरीकाराच्या हाती निवड करण्यासारखे काय उरते, असा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे उत्तर शोधणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

प्रथम शुद्ध कल्पित कादंबरीचे उदाहरण घ्यावे, कारण तेथे लेखकाचे स्वातंत्र्य पूर्ण असते. मराठी कादंबरीच्या आरंभकाळातच ह्या प्रश्नाची दोन उत्तरे जवळजवळ एकाच नावाच्या नायिकेच्या आधारे दिलेली आढळतात. बाबा पदमनजी ह्यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ह्या कादंबरीतील यमुना आणि हरि नारायण आपटे ह्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ ह्या कादंबरीतील यमुना, ह्या दोघींनाही अकाली वैधव्य येते. आपट्यांची कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः प्रसिद्ध झाली. म्हणजे दोन कृतींत तीन दशकांहून अधिक अंतर आहे. दोन्हींत विधवेची दुःस्थिती हाच विषय आहे, आणि तो मांडण्यासाठी पतीला मरावेच लागते. संविधानकाच्या दृष्टीने पाहता दोन्ही ठिकाणी पतीचा बळी दिला गेला आहे.

तरीही दोन मृत्यूंचे वजन सारखे नाही. पहिल्या कृतीत प्रवासात भेटणाऱ्या विधवांच्या कहाण्या, त्यांवरील चर्चा आणि धर्मविषयक उपदेश ह्यांना प्राधान्य आहे. पतीचा मृत्यू हा त्या युक्तिवादातील एक पायरी आहे. ती ओलांडून नायिका धर्मांतराकडे आणि पुनर्विवाहाकडे जाते. दुसऱ्या कृतीत रघुनाथराव आणि यमू ह्यांचा मुंबईतील संसार, त्यांचे वाचन, त्यांचा परस्परांवरील विश्वास हे सर्व लेखकाने सावकाश उभे केले आहे. त्यामुळे रघुनाथरावांच्या मृत्यूने केवळ एक प्रश्न उपस्थित होत नाही, तर एक घडत असलेले जीवन मोडते. पुढे यमूचे केशवपन होते, ती खचते आणि शेवटी मरण पावते. तेव्हा मोडलेल्या त्या जीवनाची आठवण वाचकाच्या मनात जागी असते. ह्या तुलनेवरून एक पहिला निकष हाती लागतो. ज्याचा बळी द्यावयाचा त्याला आधी स्वतःचे जीवन दिलेले असले पाहिजे. जे पात्र केवळ मरण्यासाठी कथेत आले आहे, त्याच्या मृत्यूने माहिती मिळते, दुःख होत नाही.

ह्याच्या उलट टोकाचे उदाहरण इंग्रजी वाङ्मयात आहे. अँथनी ट्रॉलप ह्या कादंबरीकाराने आपल्या आत्मचरित्रात (१८८३) सांगितले आहे की, क्लबात दोन धर्मोपदेशक त्याच्या कादंबऱ्यांतील पुन्हा पुन्हा येणाऱ्या पात्रांविषयी, विशेषतः मिसेस प्राउडीविषयी, कंटाळून बोलत असलेले त्याच्या कानी पडले. आठवड्याच्या आत तिला मारून टाकतो असे त्याने त्यांना तेथेच सांगितले आणि तसे केले. नंतर त्याला ह्याची खंतही वाटली. हा मृत्यू संविधानकातून उगवलेला नाही, वाचकाच्या कंटाळ्यातून उगवला आहे. ई. एम. फॉर्स्टर ह्याने १९२७ सालच्या आपल्या व्याख्यानांत म्हटल्याप्रमाणे, मृत्यू आणि विवाह हे कादंबरी आवरती घेण्याचे हुकमी उपाय असल्यामुळे लेखक त्यांचा आश्रय घेतात. सोयीचा मृत्यू म्हणतात तो हाच. तो ओळखण्याची खूण अशी की, त्यानंतर उरलेली पात्रे पूर्वीसारखीच वागत राहतात. म्हणून पहिल्या निकषाला दुसऱ्याची जोड द्यावी लागते. बळी गेल्यानंतर मागे राहिलेल्यांवर त्याचा भार पडला पाहिजे.

३

ऐतिहासिक कादंबरीत हे दोन निकष जसेच्या तसे लागू पडत नाहीत. वाचकाला शेवट ठाऊक असतो. ‘गड आला पण सिंह गेला’ ह्या आपट्यांच्या कादंबरीच्या नावातच तानाजीचा मृत्यू सांगितलेला आहे. येथे मरणार कोण हा प्रश्न नसून त्या मृत्यूभोवती काय रचावयाचे, हा प्रश्न असतो.

चांदबिबीचे चरित्र ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. हुसेन निजामशहाची ही कन्या आणि विजापूरच्या अली आदिलशहाची पत्नी. पतीच्या मृत्यूनंतर तिने विजापुरात अल्पवयीन इब्राहिम आदिलशहाच्या नावाने कारभार पाहिला. पुढे १५९५ च्या अखेरीस मोगल शाहजादा मुराद ह्याने नगरला वेढा घातला, तेव्हा तिने किल्ल्याचे संरक्षण केले. सुरुंगाने तट पडला असता खिंडारापाशी ती स्वतः उभी राहिली आणि रातोरात तट बांधून घेतला. १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह झाला. १६०० साली मोगलांचा पुन्हा वेढा पडला. त्या वेळी प्रतिकार टिकणार नाही असे पाहून ती वाटाघाटीकडे वळली. किल्ल्यातील एका सरदाराने ती शत्रूला मिळाल्याची हाकाटी केली आणि तिच्याच सैनिकांनी तिला ठार केले. त्यानंतर लवकरच किल्ला पडला व बालराजा बहादूरशहा बंदिवासात गेला. तिने विहिरीत उडी घेतली अशी एक निराळी आख्यायिकाही लोकांत प्रचलित आहे.

कर्नल मेडोज टेलर ह्याने ह्या राणीवर ‘अ नोबल क्वीन’ ही इंग्रजी कादंबरी लिहिली. ती त्याच्या मृत्यूनंतर १८७८ साली प्रसिद्ध झाली. टेलरचे आयुष्य दख्खनमध्ये गेले होते आणि त्याला ह्या प्रदेशाची माहिती जवळून होती. त्याने राणीच्या कथेत अब्बासखान हा तरुण सरदार आणि जोरा ही मुलगी ही कल्पित जोडी योजिली आहे. ऐतिहासिक व्यक्तीचे मरण टाळता येत नाही, म्हणून तिच्याशेजारी कल्पित पात्रांना उभे करून वाचकाचे प्रेम आणि आशा त्यांच्याकडे वळवावयाची, ही वॉल्टर स्कॉटपासून चालत आलेली योजना आहे. जॉर्ज ल्यूकाच ह्याने १९३७ साली ऐतिहासिक कादंबरीविषयीच्या आपल्या ग्रंथात स्कॉटच्या ह्याच पद्धतीचे महत्त्व सांगितले आहे. स्कॉटच्या मध्यभागी थोर पुरुष नसतो. एक मध्यम प्रतीचा मनुष्य असतो, दोन्ही पक्षांत त्याची ये-जा असते आणि त्याच्या डोळ्यांनी थोर पुरुष दुरून दिसतो. ह्या रचनेत थोरांचा मृत्यू इतिहासाचा असतो आणि सामान्यांचे जगणे कादंबरीचे असते.

चांदबिबीच्या प्रसंगात खरी कसोटी मात्र वेगळीच आहे. तिला मारणारे कोण होते? ज्यांच्यासाठी ती लढली तेच ते लोक होते. भीती, थकवा, दीर्घकाळच्या वेढ्यातील उपासमार आणि दरबारातील पक्षभेद ह्यांनी पोखरलेली ती माणसे होती. कथाकाराला सर्वांत सोपा मार्ग असा की, हाकाटी करणाऱ्या त्या एका सरदाराला दुष्ट ठरवावे आणि जमावाला फसलेला भोळा समुदाय म्हणून सोडून द्यावे. असे केले की राणी निर्दोष, लोक निर्दोष आणि दोषी एकटा. परंतु ह्याने प्रसंगातील शोकात्मता नाहीशी होते. ॲरिस्टॉटलने शोकात्म कृत्यांत आप्तांच्या हातून आप्तांची होणारी हानी श्रेष्ठ मानली, तिचे मर्म येथे आहे. शत्रूने मारले तर ते युद्ध. आपल्यांनी मारले तर ती शोकात्मिका. जमावाला तोंड आणि नाव न देता एका खलावर सर्व भार टाकणे, हा वर सांगितलेला दुसरा प्रकार, म्हणजे कलंकाने दिलेला बळी होय. त्यात खलाचा बळी जातो तो वेगळा. त्याबरोबर प्रसंगातील सत्याचाही जातो.

४

कलंकाने दिलेल्या बळीचे मराठीतील सर्वांत ठळक उदाहरण कवी कलशाचे आहे. संगमेश्वर येथे १६८९ च्या आरंभी संभाजी महाराजांबरोबर तो पकडला गेला, बहादूरगडावर त्याच्याबरोबर त्याची विटंबना झाली आणि त्याच्याबरोबरच त्याला क्रूरपणे ठार मारण्यात आले. राजाशी एकनिष्ठ राहिल्याचा ह्याहून मोठा पुरावा मनुष्याला देता येत नाही. तरीही बखरींत ‘कलुषा’ म्हणून त्याचे जे चित्र उभे राहिले, ते राजाला व्यसनांत आणि तंत्रमंत्रांत गुंतवून राज्य बुडविणाऱ्या परप्रांतीय कपटी माणसाचे आहे. मल्हार रामराव चिटणीस ह्यांची बखर संभाजी महाराजांनंतर शतकाहून अधिक काळाने लिहिली गेली, आणि ज्यांच्या घराण्यातील बाळाजी आवजी ह्यांना संभाजी महाराजांनी देहान्त शिक्षा दिली होती, त्याच घराण्यात ती लिहिली गेली, ही गोष्ट तिचे मूल्यमापन करताना विसरून चालत नाही.

कथनाच्या दृष्टीने ह्या चित्राचा उपयोग उघड आहे. छत्रपतींच्या पुत्राला पूर्ण दोषी ठरविणे जड जाते. त्याला पूर्ण निर्दोष ठरविले तर राज्यावरील संकटाचे कारण सांगता येत नाही. मग परका, ब्राह्मण, कवी आणि तांत्रिक असा एक मनुष्य सापडतो. त्याचे येथे नातेगोते नाही, त्याच्या बाजूने बोलणारे घराणे नाही. तो कलंक वाहण्यास सर्वतोपरी योग्य ठरतो. संविधानकात ज्याचा बळी देणे सोपे जाते त्याची ही व्याख्याच म्हणता येईल: ज्याच्या मागे रडणारे कोणी नाही, तो.

हे चित्र बदलले ते प्रथम कादंबरीने नव्हे, संशोधनाने. वा. सी. बेंद्रे ह्यांचा ‘छत्रपती संभाजी महाराज’ हा ग्रंथ १९६० साली आणि कमल गोखले ह्यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ हा ग्रंथ १९७१ साली प्रसिद्ध झाला. समकालीन साधनांच्या आधारे संभाजी महाराजांचे चरित्र ह्यांनी नव्याने मांडले. त्यानंतर १९७९ साली शिवाजी सावंत ह्यांची ‘छावा’ ही कादंबरी आली. तीत कवी कलश हा राजाचा निष्ठावंत सहकारी म्हणून येतो. ह्या क्रमावरून असे दिसते की, ऐतिहासिक कादंबरीत कोणाचा बळी देता येईल ह्याची मर्यादा संशोधन आखून देते. कागदपत्रे पुढे आली की एखाद्या पात्रावर कलंक लादणे अवघड होते.

मात्र कलंकाची ही गरज नाहीशी होत नाही. ती दुसरीकडे सरकते. कवी कलश सुटला तर राज्यावरील आपत्तीचे कारण म्हणून फितूर सरदार, सावत्र आई किंवा प्रधानमंडळातील कारस्थानी लोक पुढे येतात. नायक निष्कलंक राखावयाचा असा संकल्प लेखकाने आधीच केलेला असेल, तर कलंक कोणाच्या तरी माथी येणारच. म्हणून एका पात्राचे पुनर्वसन झाले एवढ्यावर समाधान न मानता, त्याच्या जागी कोण उभे राहिले हे समीक्षेने पाहिले पाहिजे.

५

केंद्र बदलले की बळी कसा बदलतो, हे पाहण्यासाठी ना. सं. इनामदार ह्यांच्या कादंबऱ्या उपयोगी आहेत. त्यांनी त्रिंबकजी डेंगळे ह्यांच्यावर ‘झेप’ (१९६३), यशवंतराव होळकरांवर ‘झुंज’ (१९६६) आणि दुसऱ्या बाजीरावावर ‘मंत्रावेगळा’ (१९६९) अशा तीन कादंबऱ्या लिहिल्या. तिन्हींचा काळ जवळजवळ एकच, म्हणजे पेशवाईच्या अखेरचा. त्या काळातील माणसेही पुष्कळशी तीच आहेत.

प्रथम इतिहास पाहावा. १८०१ साली बाजीरावाने यशवंतरावाचा भाऊ विठोजी होळकर ह्यास पुण्यात हत्तीच्या पायी दिले. पुढच्याच वर्षी यशवंतरावाने हडपसरजवळ पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, बाजीराव पुण्यातून निघाला आणि वसईस इंग्रजांशी तह करून त्यांच्या आश्रयाला गेला. त्रिंबकजी डेंगळे हा जासूदाच्या कामापासून वर चढत पेशव्याचा कारभारी झाला. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन हे इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आले होते. जुलै १८१५ मध्ये पंढरपूर येथे त्यांचा खून झाला. रेसिडेंट एल्फिन्स्टन ह्याने त्रिंबकजीस दोषी धरले आणि त्याला स्वाधीन करण्याची मागणी केली. बाजीरावाने काही काळ टाळाटाळ करून अखेर त्याला इंग्रजांच्या हवाली केले. ठाण्याच्या किल्ल्यातून १८१६ साली तो निसटला आणि त्याने भिल्ल, रामोशी, मांग अशा लोकांना जमवून धामधूम केली. १८१७ च्या पुणे तहाने पेशव्याचे उरलेसुरले स्वातंत्र्य गेले. १८१८ साली त्रिंबकजी पुन्हा पकडला गेला आणि चुनारच्या किल्ल्यात बंदिवासातच १८२९ साली मरण पावला.

आपल्या मुख्य सेवकाचा बळी द्यावयाचा की राज्य पणाला लावावयाचे, हा निर्णय येथे प्रत्यक्ष पेशव्यापुढे उभा राहिला होता. त्याने सेवक दिला आणि राज्यही गेले. लेखक संविधानक रचताना जो निर्णय कागदावर करतो, तो येथे राजकारणात झालेला आहे. म्हणून ह्या माणसाला नायकाच्या जागी बसविणे ही साधी विषयनिवड नाही. धन्याने दिलेला बळी लेखकाने परत घेतला, असा तिचा अर्थ होतो.

आता केंद्रांचा परिणाम पाहावा. त्रिंबकजी मध्यभागी असता बाजीरावाचे त्याला स्वाधीन करणे हा विश्वासघात ठरतो. बाजीराव मध्यभागी आला की तेच कृत्य एका कोंडीत सापडलेल्या माणसाची अगतिकता म्हणून समजावून द्यावे लागते. यशवंतराव मध्यभागी असता विठोजीचा मृत्यू हे सर्व कृतीचे मूळ कारण होते; बाजीरावाच्या कथेत तोच मृत्यू नायकावरील एक आरोप होऊन बसतो. एकच लेखक तिन्ही जागी उभा राहिला, ह्यात विसंगती नाही. उलट, बळी हा पात्राचा गुणधर्म नसून तो दृष्टिकोनावर अवलंबून असतो, ही गोष्ट त्यामुळे उघड झाली. ज्या वाचकाने ह्या तीन कृती एकापाठोपाठ एक वाचल्या, त्याला कोणत्याही एका कृतीतील न्यायनिवाडा अंतिम मानता येणार नाही.

परंतु तीन केंद्रे झाली तरी गंगाधरशास्त्री कोठेच केंद्रस्थानी येत नाहीत. मारला गेलेला मनुष्य तर तेच आहेत. त्यांना इंग्रजांचा हस्तक मानले तर त्यांच्या मृत्यूचे दुःख उरत नाही. बडोद्याच्या दरबाराचा एक कर्तव्यदक्ष वकील मानले तर नायकाचे आसन डळमळते. त्रिंबकजीच्या अपराधाविषयी मतभेद असू शकतात, शास्त्रीबुवांच्या मृत्यूविषयी असू शकत नाहीत. ह्या विषयावरील कोणत्याही कृतीची नैतिक उंची तिने त्रिंबकजीला किती उजळले ह्यावर ठरत नाही. तो उजळताना शास्त्रीबुवांना तिने किती माणूस राहू दिले, ह्यावर ती ठरते.

ह्याच कथेत आणखी एक माणूस आहे, आणि तो तिसऱ्या प्रकारच्या बळीचा नमुना आहे. ठाण्याच्या किल्ल्यावर पहारा गोऱ्या शिपायांचा होता. त्यांना मराठी येत नव्हते. एका अंमलदाराच्या घोड्याचा मोतद्दार त्रिंबकजीच्या खिडकीखाली घोड्याला खरारा करीत गाणी म्हणत असे, आणि त्या गाण्यांतून सुटकेचा बेत त्याने कैद्याला कळविला. बिशप हेबर ह्याने चुनार येथे १८२४ साली त्रिंबकजीला पाहिले. त्याच्या प्रवासवृत्तात ही हकीकत येते. ह्या मोतद्दारावाचून पलायन नाही, पलायनावाचून पुढची धामधूम नाही. पण प्रचलित कथनात तो गाणे म्हणतो आणि नाहीसा होतो. त्याने हे धाडस कशासाठी केले, पकडला गेला असता तर त्याचे काय झाले असते, त्याचे घरदार कोठे होते, हे कथनाला विचारावेसे वाटत नाही. कादंबरीकाराचे स्वातंत्र्य खरे पाहता येथून सुरू होते. त्रिंबकजीचा जन्म, कैद आणि मृत्यू इतिहासाने बांधून ठेवले आहेत. मोतद्दाराचे सर्व आयुष्य मोकळे आहे.

मराठी ऐतिहासिक कादंबरीची १९६२ सालच्या ‘स्वामी’पासूनची मुख्य धारा थोर पुरुषाला मध्यभागी ठेवणारी आहे. स्कॉटची रचना तिने बहुशः उलटी केली. तिचे सामर्थ्य त्यात आहे. वाचकाला थोर माणसाच्या घरात आणि मनात प्रवेश मिळाला. परंतु त्याची किंमत मोतद्दाराने दिली. थोराच्या समीप जितके जावे तितकी भोवतालची माणसे लहान होत जातात, आणि लहान माणसे खर्च करताना लेखणी अडखळत नाही.

६

इनामदारांच्याच ‘शहेनशहा’ (१९७०) ह्या औरंगजेबावरील कादंबरीचा विषय ह्या संदर्भात एक निराळी अडचण दाखवितो. सुमारे पंचवीस वर्षे दक्षिणेत मोहिमा करून हा वृद्ध बादशहा नगरला परतला आणि १७०७ मध्ये तेथे मरण पावला. त्याची कबर खुलदाबादला आहे. त्याचे मरण हा कोणाच्याही कथेसाठी दिलेला बळी नाही. मात्र त्या मरणापर्यंत येताना मार्गात पडलेल्यांची यादी मोठी आहे. दारा १६५९ साली आणि मुराद १६६१ साली मारला गेला. कन्या झेबुन्निसा दीर्घकाळ नजरकैदेत राहून १७०२ मध्ये वारली. अनामिक सैनिकांची तर गणतीच नाही. एवढे मृत्यू एका कृतीत सारख्याच भाराने येऊ शकत नाहीत. काहींना प्रसंग मिळणार, काहींना एक वाक्य, बाकीच्यांना काहीच नाही. ह्या ठिकाणी बळी निवडणे म्हणजे कोणाला मारावे हे ठरविणे नसून कोणाचे मरण दाखवावे हे ठरविणे असते.

आतापर्यंतच्या विवेचनावर एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो गंभीर आहे. प्रत्येक मृत्यूचा भार मागे राहिलेल्यांवर पडला पाहिजे आणि त्यातून कथेला काही प्राप्त झाले पाहिजे असे म्हटले, तर कादंबरी हे एक हिशेबाचे यंत्र होऊन बसते. जीवनात पुष्कळ मृत्यू निरर्थक असतात. ‘झेप’ ज्या वर्षी आली त्याच १९६३ साली भालचंद्र नेमाडे ह्यांची ‘कोसला’ प्रसिद्ध झाली. तीत पांडुरंगाची धाकटी बहीण देवी येऊन मरते. ह्या मृत्यूने कथानक पुढे सरकत नाही, नायक कृतीस प्रवृत्त होत नाही, कोणता धडाही निघत नाही. कोणाला दोषही नेमका देता येत नाही. रचनेच्या जुन्या हिशेबाने तो मृत्यू वायाच गेला. तरीही संबंध कादंबरीत तो वाचकाच्या मनातून जात नाही.

ह्या उदाहरणाने वरील निकष रद्द होत नाहीत, परंतु ते अधिक नेमके करावे लागतात. त्या लहान मुलीला आधी जीवन दिलेले आहे. पहिला निकष पुरा होतो. मागे राहिलेल्या भावावर भार पडला आहे. दुसराही पुरा होतो. नाही ते एवढेच की, त्या भाराचे कृतीत रूपांतर झालेले नाही. म्हणजे मागे राहिलेल्यांवर भार पडणे ही आवश्यक गोष्ट आहे. त्या भाराचा कथानकाला उपयोग होणे ही नव्हे. किंबहुना मृत्यूचा संपूर्ण उपयोग झाला की तो पुन्हा बळीच ठरतो. जो थोडा तरी उपयोगाबाहेर उरतो, तो मृत्यू माणसाचा राहतो. ऐतिहासिक कादंबरीने ‘कोसला’कडून घेण्याजोगे असे काही असेल तर ते हेच होय.

ह्या दिशेने झालेला एक अलीकडचा प्रयत्न ह्याच जिल्ह्यातील आहे. पारनेर तालुक्यातील जवळे येथे जन्मलेले आणि संगमनेर येथे अध्यापन केलेले रंगनाथ पठारे ह्यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ ही कादंबरी २०१९ साली श्रीरामपूरच्या शब्दालय प्रकाशनाने प्रसिद्ध केली. कित्येक शतकांचा काळ व्यापणाऱ्या ह्या कृतीत मध्यभागी राजे किंवा पेशवे नाहीत; एका शेतकरी-लढवय्या कुळातील पिढ्यान्‌पिढ्यांचे पुरुष आहेत. थोरांच्या इतिहासात जी माणसे एका वाक्यात मरतात त्यांच्या बाजूने इतिहास पाहण्याची ही योजना आहे. मोतद्दाराला मध्यभागी आणण्याचाच हा प्रकार होय. अर्थात कुळाचा वृत्तान्त म्हटला की तोही कोणाला तरी वगळतोच. वंश पुरुषांच्या नावांनी मोजला तर कुळात आलेल्या आणि कुळातून गेलेल्या स्त्रियांचे स्थान काय, हा प्रश्न प्रत्येक कुलवृत्तान्ताला विचारावा लागतो.

७

वरील चर्चेचे निष्कर्ष थोडक्यात असे मांडता येतील. संविधानकातील बळीचा विचार करताना केवळ मृत्यूंची गणना पुरेशी नाही. कलंक आणि विस्मरण हेही बळीचेच प्रकार आहेत, आणि ऐतिहासिक कादंबरीत हे दोन प्रकार पहिल्याहून अधिक निर्णायक ठरतात, कारण तेथे मृत्यू लेखकाच्या हाती नसतो. बळी कोण हे केंद्र कोण ह्यावरून ठरते. म्हणून एकाच काळावरील भिन्न केंद्रांच्या कृती एकत्र वाचणे समीक्षेला उपकारक होते. नायक निष्कलंक राखण्याचा संकल्प जितका दृढ, तितका कलंकाचा बोजा दुसऱ्या कोणावर पडण्याचा धोका मोठा. आणि तो बहुधा ज्याचे पाठीराखे नाहीत अशा परक्यावर, स्त्रीवर किंवा सेवकावर पडतो. ह्या धोक्यावर एक अंकुश संशोधनाचा आहे, जसा तो कवी कलशाच्या बाबतीत लागू पडला. दुसरा अंकुश लेखकाच्या विवेकाचा आहे, आणि जेथे कागदपत्रेच नाहीत तेथे तोच एकटा उरतो.

ज्या पात्राला खर्ची घालावयाचे त्याला आधी जगू दिले आहे काय, त्याच्या जाण्याचा भार कोणावर पडला आहे काय, आणि त्याचा सर्वच्या सर्व उपयोग करून न घेता काही शिल्लक ठेवले आहे काय, हे तीन प्रश्न त्या विवेकाची कसोटी म्हणून पुरेसे आहेत. नगरच्या किल्ल्यातील जमावाला, पेडगावला राजाशेजारी उभ्या राहिलेल्या कवीला, पंढरपूरला मारल्या गेलेल्या वकिलाला आणि ठाण्याच्या खिडकीखाली गाणाऱ्या मोतद्दाराला हे प्रश्न लावून पाहिले, तर गेल्या दीड शतकातील ऐतिहासिक कादंबरीचा एक वेगळा आलेख तयार होईल. तो तयार करण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे.